समुद्राकडे जाणारी वाट : नेपाळची निर्यात आणि मालवाहतुकीचे गणित

नेपाळच्या बीरगंज शहराला लागून सिर्सिया नावाचे ठिकाण आहे. तिथे जागतिक बँकेच्या साहाय्याने एक कोरडे बंदर, म्हणजे ड्राय पोर्ट, बांधण्यात आले. रूळ टाकले गेले, यार्ड झाले, गोदामे उभी राहिली. २००० सालच्या आसपास बहुतेक काम पूर्ण झाले होते. पण सीमेपलीकडच्या रक्सौलहून आगगाडी आत कुणी आणायची, कोणत्या नियमांनी आणायची, वाटेत माल हरवला तर जबाबदारी कुणाची, हे ठरवणारा रेल्वे करार भारत आणि नेपाळ यांच्यात झालेलाच नव्हता. तो २००४ मध्ये झाला आणि त्यानंतरच पहिल्या गाड्या आल्या. मधली काही वर्षे सगळी बांधणी तयार असूनही बंदर रिकामे पडून होते.

ज्या देशाला समुद्रकिनारा नाही त्याच्या निर्यातीचे दुखणे नेमके कुठे आहे, हे या एका उदाहरणातून बरेचसे कळते. नकाशा पाहिला की वाटते, अडचण अंतराची आहे. अंतर खरेच आहे. काठमांडूपासून कोलकात्याची गोदी हजार किलोमीटरच्या घरात पडते. पण हजार किलोमीटर अंतर आजच्या जगात फार मोठे नाही. पंजाबातला किंवा मध्य प्रदेशातला कारखानदारही एवढ्याच अंतरावरून माल बंदरात पाठवतो आणि जगाच्या बाजारात टिकतो. नेपाळच्या निर्यातदाराला त्याच अंतराचे ओझे कितीतरी जड होते, कारण त्या वाटेवरच्या सेवा, म्हणजे ट्रक, रेल्वे, गोदाम, कस्टम्स, प्रयोगशाळा, विमा, एजंट आणि जहाज कंपनी, त्याच्या हातात नाहीत. त्यांतल्या निम्म्याअधिक तर त्याच्या देशाच्याही हातात नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या यादीत असे ३२ भूवेष्टित विकसनशील देश आहेत. तिथे ५० कोटींहून अधिक माणसे राहतात आणि जगाच्या व्यापारातला त्यांचा एकत्रित वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे. त्यांच्यासाठी २००३ मध्ये अल्माटी, २०१४ मध्ये व्हिएन्ना आणि आता तुर्कमेनिस्तानातल्या अवाझा येथे असे तीन दहा-दहा वर्षांचे कार्यक्रम आखले गेले. समुद्र कायद्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दहाव्या भागाने या देशांना समुद्रापर्यंत पोचण्याचा आणि शेजाऱ्याच्या भूमीतून माल नेण्याचा हक्क दिला आहे. मात्र त्याच भागात असेही म्हटले आहे की, हा हक्क कसा वापरायचा याच्या अटी त्या-त्या देशांनी आपसात करार करून ठरवाव्यात. सगळी ओढाताण या अटींमध्येच होते.

अर्थशास्त्रज्ञांनी हा तोटा मोजून पाहिला आहे. नूनो लिमाओ आणि अँथनी व्हेनाबल्स यांच्या २००१ च्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की वाहतुकीचा खर्च जितके टक्के वाढतो त्याच्या साधारण तिप्पट टक्क्यांनी व्यापार घटतो. सिमियन जांकोव्ह, कॅरोलिन फ्रॉइंड आणि काँग फाम यांनी २०१० मध्ये खर्चाऐवजी वेळ मोजला. माल जहाजावर चढण्याआधी वाया गेलेला प्रत्येक जादा दिवस व्यापार एक टक्क्याहून अधिक कमी करतो, असे त्यांना दिसले. नाशवंत शेतमालाची अवस्था आणखी बिकट. टिकाऊ शेतमालाच्या तुलनेत त्याची निर्यात एका दिवसाच्या उशिराने सहा टक्क्यांनी घसरते.

तिसरा अभ्यास या विषयात सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. जागतिक बँकेसाठी जाँ-फ्रान्स्वा आर्वी, गाएल राबालाँ आणि जाँ-फ्रान्स्वा मार्तो यांनी तो केला. सरासरी भाडे किंवा सरासरी दिवस यांपेक्षा अनिश्चितता अधिक महाग पडते, असे त्यांनी दाखवून दिले. माल दरवेळी पंधरा दिवसांत पोचत असेल तर व्यापारी त्याप्रमाणे बेत आखतो. तो कधी दहा दिवसांत आणि कधी पस्तीस दिवसांत पोचत असेल, तर त्याला कायम पस्तीस दिवसांचीच तयारी ठेवावी लागते. साठा जास्त ठेवायचा, भांडवल अडकवायचे आणि एवढे करूनही ग्राहकाची बोलणी खायची.

काठमांडूतल्या हातविणीच्या गालिच्याचा प्रवास पाहिला म्हणजे ही अनिश्चितता कुठून येते ते उलगडते. १९५९ नंतर तिबेटी निर्वासितांनी नेपाळमध्ये हा धंदा रुजवला, जर्मनीने तो वाढवला, आणि १९९० च्या दशकात गालिचा ही नेपाळची परदेशी चलन मिळवून देणारी आघाडीची वस्तू होती. हा गालिचा निर्यातीला निघण्याआधीच एकदा समुद्र पाहून आलेला असतो. त्यातली बरीचशी लोकर न्यूझीलंडहून कोलकात्याला येते, तिथून रक्सौल-बीरगंजमार्गे डोंगर चढून काठमांडूला पोचते. म्हणजे वाहतुकीचा भार येतानाही सोसायचा आणि जातानाही.

माल तयार झाला की कागद सुरू होतात. बिजक, पॅकिंग यादी, वाणिज्य संघटनेकडून मूळ देशाचा दाखला, बँकेची कागदपत्रे, भन्सारचे निर्यात प्रज्ञापन, म्हणजे घोषणापत्र. भन्सार म्हणजे नेपाळचे कस्टम्स. छोट्या कारखानदाराचा माल बहुधा पूर्ण कंटेनर भरण्याइतका नसतो. मग आणखी दोघा-तिघांचा माल जमेपर्यंत थांबायचे किंवा रिकाम्या जागेचेही भाडे भरायचे. ट्रक काठमांडूच्या खोऱ्यातून उतरतो तो मुगलिन आणि नारायणगढच्या रस्त्याने. पावसाळ्यात हा रस्ता कधी बंद पडेल याचा नेम नसतो. जुलै २०२४ मध्ये याच रस्त्यावर सिमलताल इथे दरड कोसळून दोन प्रवासी बस त्रिशूली नदीत गेल्या. ज्या रस्त्यावर माणसांच्या जिवाची शाश्वती नाही, तिथे मालाच्या वेळापत्रकाची काय असणार?

बीरगंजला नेपाळी कस्टम्स, रक्सौलला भारतीय कस्टम्स. एका ठिकाणी कागद तपासायचे, दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तेच कागद, शिवाय सील. रक्सौलचे एकात्मिक तपासणी ठाणे २०१६ मध्ये आणि बीरगंजचे २०१८ मध्ये सुरू झाले आणि गावातल्या अरुंद रस्त्यावरची गर्दी काहीशी हटली. तिथून बिहार आणि बंगाल ओलांडून कोलकाता. कोलकात्याची गोदी नदीकाठची आहे. जहाजाला समुद्रातून हुगळीत शिरून २३२ किलोमीटर वाटाड्याच्या मदतीने यावे लागते, भरतीची वाट पाहावी लागते आणि दारे उघडल्यावर गोदीत शिरावे लागते. नदीत पाणी उथळ असल्याने मोठी जहाजे येत नाहीत. म्हणून गालिच्याचा कंटेनर आधी लहान जहाजाने कोलंबो किंवा सिंगापूरला जातो, तिथे उतरतो, मोठ्या जहाजाची वाट पाहतो आणि मग हॅम्बुर्गच्या दिशेने निघतो. या साखळीत एक दुवा चुकला की पुढचे जहाज सुटते. त्यानंतर पुढच्या जहाजाची वाट आणि गोदीतल्या जागेचे वाढीव भाडे, दोन्ही निर्यातदाराच्या माथी.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराची हंगामातली धावपळ महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याचा थंड कंटेनर संध्याकाळी निघाला तर सकाळपर्यंत न्हावा शेवाला पोचू शकतो. वाटेत सीमा नाही, दुसऱ्या देशाचे कस्टम्स नाही. तरीही त्याला धाकधूक असते. त्याच्या वाटेत एक आंतरराष्ट्रीय सीमा, तीन कार्यालये आणि पावसाळी घाट वाढवला की पूर्व नेपाळच्या इलाममधला किंवा काठमांडूतला निर्यातदार कशाशी झुंजतो ते समजते.

यावर उपाय झालेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१६ मध्ये भारताने नेपाळला विशाखापट्टणम बंदराची वाट खुली केली. रेल्वेने ते बीरगंजपासून चौदाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कोलकात्याच्या दुप्पट लांब. तरीही व्यापाऱ्यांनी ते स्वीकारले, कारण पाणी खोल, मोठी जहाजे थेट लागतात आणि गाडी मिळण्याची खात्री अधिक. दुप्पट अंतराची वाट व्यापारी आपणहून निवडतात, याहून चांगला पुरावा कोणता हवा? खरी किंमत किलोमीटरची नाही, खोळंब्याची आहे.

दुसरी सुधारणा कागदांची. पूर्वी नेपाळला जाणाऱ्या प्रत्येक आयात कंटेनरचे कागद कोलकात्यात भारतीय कस्टम्सपुढे फिरवावे लागत. त्यासाठी एजंट हवा, त्याची फी हवी, आणि तेवढे दिवस कंटेनर गोदीत. २०१८-१९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक कुलूप आले. उपग्रहाच्या मदतीने कंटेनर कुठे आहे ते दिसते, वाटेत छेडछाड झाली तर इशारा मिळतो, आणि माल नेपाळच्या सीमेपर्यंत पोचवण्याची जबाबदारी जहाज कंपनीच घेते. ही सोय मुख्यतः आयातीची आहे. पण लोकर आयात झाल्याशिवाय गालिचा निर्यात होत नाही, म्हणून तिचा फायदा निर्यातीलाही झाला.

तिसरी सुधारणा २०२१ ची. तोपर्यंत नेपाळच्या कंटेनर गाड्या चालवण्याचे काम भारताच्या सरकारी कंटेनर महामंडळाकडेच होते. त्या वर्षीच्या जुलैमध्ये रेल्वे करार बदलला आणि भारतातल्या सर्व परवानाधारक मालगाडी चालकांना, खासगी कंपन्यांनाही, ही वाट मोकळी झाली. २०२३ मध्ये भारतातल्या जोगबनीकडून विराटनगरच्या कस्टम्स यार्डात मालगाडी जाऊ लागली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये या मार्गाने तिसऱ्या देशांचा माल रेल्वेने नेण्याबाबत दोन्ही देशांनी पत्रांची देवाणघेवाण केली. पूर्व नेपाळच्या कारखान्यांना ही वाट बीरगंजपेक्षा फार सोयीची आहे.

रेल्वेचे बरे चालले आहे, पण ट्रकचे नाही. देशातली वाहतूक वर्षानुवर्षे वाहतूकदारांच्या संघटनांनी वाटून घेतलेली होती. कोणत्या मार्गावर कुणाची गाडी लागणार, किती भाडे, कुणाचा नंबर कधी, हे बाजार ठरवत नसे, संघटना ठरवत. नव्या माणसाला मार्गावर गाडी घालता येत नसे. नेपाळमध्ये याला सिंडिकेट म्हणतात. सरकारने २०१८ मध्ये सिंडिकेट मोडीत काढल्याचे जाहीर केले आणि काही काळ मोठा गाजावाजा झाला, पण सवयी लवकर जात नाहीत. आर्वी आणि राबालाँ यांनी पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत हेच पाहिले होते: रस्ते सुधारले, ट्रकचा खर्च उतरला, भाडे मात्र उतरले नाही, कारण नंबर लावून माल वाटणाऱ्या व्यवस्थेने फायदा स्वतःकडे ठेवला. रस्त्यावर पैसे ओतणाऱ्या देणगीदार संस्थांनी हा धडा फार उशिरा घेतला.

भाडे चढे राहण्याचे आणखी एक कारण रिकाम्या गाड्या. २०२४-२५ या आर्थिक वर्षात नेपाळची आयात सुमारे १,८०४ अब्ज नेपाळी रुपयांची होती आणि निर्यात सुमारे २७७ अब्जांची. म्हणजे साडेसहा रुपयांचा माल आत येतो तेव्हा एक रुपयाचा बाहेर जातो. भरून आलेले बहुतेक ट्रक आणि कंटेनर परतताना रिकामे जातात. वरवर पाहता यामुळे निर्यातदाराला परतीची गाडी स्वस्तात मिळायला हवी. काही वेळा मिळतेही. पण कंटेनर जहाज कंपनीच्या मालकीचा असतो, तो ठरलेल्या मुदतीत परत केला नाही तर दंड लागतो. तो डोंगरात काठमांडूपर्यंत नेऊन, भरून, पुन्हा उतरवायला लागणारे दिवस आणि ती जोखीम आयातदाराला परवडत नाही. म्हणून पुष्कळ कंटेनर बीरगंजला रिकामे होऊन तिथूनच माघारी फिरतात. काठमांडूच्या वेशीवर चोभारचे कोरडे बंदर २०२२ मध्ये सुरू झाले ते अशाच अडचणींवर तोडगा म्हणून. पण खोऱ्यातून तराईच्या सपाट प्रदेशात उतरणारा द्रुतगती मार्ग, ज्याचे काम नेपाळी लष्कराकडे २०१७ पासून आहे, तो अजून पुरा झालेला नाही.

गालिचा वाट पाहू शकतो, आले पाहू शकत नाही.

पूर्व नेपाळच्या डोंगरांत आले, मोठी वेलची आणि चहा ही तीन नगदी पिके हजारो शेतकरी कुटुंबांना पोसतात. आल्याच्या उत्पादनात नेपाळ जगातल्या पहिल्या काही देशांत मोडतो, आणि त्याचे जवळजवळ सगळे गिऱ्हाईक भारत. काकडभिट्टा नाका ओलांडला की पश्चिम बंगालमधले पानीटंकी लागते. तिथे वनस्पती तपासणी आणि खाद्यसुरक्षेचे नियम लागू होतात. मातीने माखलेले आले, नमुना काढला, नमुना प्रयोगशाळेत गेला, अहवाल यायचा आहे. तोवर पोत्यांवर ऊन आणि पाऊस दोन्ही. काही हंगामांत आल्याचे ट्रक नाक्यावर अडून माल खराब होऊ लागल्याच्या बातम्या आल्या. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या मदतीने झापा जिल्ह्यात आले धुण्याचा कारखाना उभारला गेला तो यासाठी. माती गेली की माल स्वच्छ दिसतो, भावही मिळतो. पण तपासणीचा प्रश्न पाण्याने धुतला जात नाही. नेपाळच्या प्रयोगशाळेचा दाखला भारतीय अधिकाऱ्यांनी मान्य करायचा की नाही, हे दोन सरकारांनी बसून ठरवायचे काम आहे, आणि ते सातत्याने अर्धवट राहिले आहे.

इलामच्या चहाचीही हीच कथा. दार्जिलिंगच्या मळ्यांना लागून असलेले हे मळे, हवामान तेच, झाडेही त्याच जातीची. भारताची काळजी समजण्यासारखी आहे. स्वस्त नेपाळी चहा दार्जिलिंगच्या नावाने विकला जातो, ही तिथल्या मळेवाल्यांची तक्रार खोटी नाही. पण त्यासाठी प्रत्येक खेपेचा नमुना कोलकात्याला धाडून ट्रक खोळंबून ठेवणे हा उपाय नव्हे. मोठी वेलची तर जवळजवळ सगळी भारतात जाते आणि सिलिगुडीच्या व्यापाऱ्यांच्या हातून पुढे देशोदेशी. ताप्लेजुंग आणि पाँचथरच्या शेतकऱ्याला अंतिम ग्राहक कधी दिसतच नाही. प्रतवारी, पॅकिंग, साठवण, परदेशी खरेदीदाराशी बोलणी या सेवा सीमेच्या पलीकडे आहेत, त्यामुळे त्यांचा नफाही पलीकडेच राहतो.

राजकारण या सगळ्यावर कुरघोडी करते. मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि पारगमन करारांची मुदत संपली, नवे करार झाले नाहीत, आणि भारताने २१ पैकी १९ व्यापारी नाकी बंद केली. सप्टेंबर २०१५ मध्ये नेपाळची नवी राज्यघटना जाहीर झाल्यावर तराईतल्या मधेशी आंदोलकांनी बीरगंजचा मितेरी पूल अडवला आणि माल पाचेक महिने अडकला. भारताने आपण नाकेबंदी केलेली नाही असे सांगितले, नेपाळमध्ये मात्र तिला आजही नाकेबंदीच म्हणतात. भूकंपाच्या त्याच वर्षी पेट्रोल आणि औषधे मिळेनाशी झाली होती. निर्यातदारांच्या वाट्याला आलेला तोटा वेगळ्या प्रकारचा होता: परदेशी खरेदीदाराने एकदा दुसरा पुरवठादार शोधला की तो परत येतोच असे नाही.

त्या रागातून २०१६ मध्ये नेपाळने चीनशी पारगमन करार केला. २०१९ च्या अंमलबजावणीच्या पूरक करारात तियानजिन, शेंझेन, लियानयुनगांग आणि झानजियांग ही चार सागरी बंदरे नेपाळसाठी खुली झाली. कागदावर ही फार मोठी गोष्ट होती. पण तियानजिन काठमांडूपासून तीन हजार किलोमीटरहून लांब, मध्ये तिबेटचे पठार, आणि सीमेवरच्या वाटा नाजूक. तातोपानी नाका २०१५ च्या भूकंपाने बंद पडला तो २०१९ मध्ये उघडला. कोविडच्या काळात उत्तरेकडची निर्यात जवळपास थांबली. ८ जुलै २०२५ रोजी भोटेकोशीला आलेल्या पुराने रसुवागढीचा मैत्री पूलच वाहून नेला, सोबत कस्टम्स यार्डातले कंटेनर आणि चीनहून आलेल्या अनेक विजेच्या मोटारी. चीनच्या वाटेचा नेपाळला झालेला उपयोग मुख्यतः दिल्लीशी बोलताना झाला, माल पाठवताना फार थोडा. हे मत काठमांडूत अनेकांना रुचणार नाही, पण आकडे त्याच बाजूला आहेत. आजही नेपाळचा जवळजवळ दोन तृतीयांश व्यापार भारताशी आहे आणि उरलेल्यातला बराचसा भारतातूनच जातो.

मालवाहतूक महाग असली की देश काय विकतो तेच बदलते, आणि ही गोष्ट आकडेवारीच्या गदारोळात हरवून जाते. नेपाळमधून जड आणि स्वस्त वस्तू दूरच्या बाजारात जात नाहीत. पश्मिना जाते, कारण ती हलकी, महाग आणि विमानाने जाऊ शकते. तयार कपड्यांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. देशागणिक आयात कोट्याची व्यवस्था होती तोवर अमेरिकेत नेपाळचे कपडे खपत. १ जानेवारी २००५ ला कोटा संपला आणि बांगलादेशासारख्या स्वतःचे बंदर असलेल्या देशाशी उघडी स्पर्धा सुरू झाली. नेपाळचे कारखाने धडाधड बंद पडले. पुढे अमेरिकेने २०१६ च्या अखेरीपासून नेपाळच्या काही वस्तूंना जकातमाफी दिली, ती २०२५ अखेरपर्यंत होती. तिचा उपयोग नगण्य झाला. जकात माफ झाली तरी पोचवण्याचा खर्च आणि उशीर माफ होत नाही.

२०२४-२५ मध्ये निर्यात एकाएकी ८० टक्क्यांहून अधिक वाढली, तेव्हा अनेकांनी आनंद व्यक्त केला. त्या वाढीचा मोठा भाग होता सोयाबीन तेल. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने खाद्यतेलावरचे आयातशुल्क वीस टक्केबिंदूंनी वाढवले. नेपाळच्या रिफायनऱ्यांनी कच्चे तेल दक्षिण अमेरिकेतून कोलकात्यामार्गे आणले, शुद्ध केले आणि दक्षिण आशियाई व्यापार कराराच्या सवलतीखाली बिनजकात भारताला विकले. माल भारतातून वर गेला आणि परत भारतात खाली आला. मे २०२५ अखेर भारताने कच्च्या तेलावरचे शुल्क कमी केले, तेव्हा या धंद्यातला फायदा घटला. याला निर्यातक्षमता म्हणता येत नाही.

खरी आशा वजन नसलेल्या मालात आहे. वीज तारेतून जाते, तिला नाका अडवत नाही. जानेवारी २०२४ मध्ये भारताने दहा वर्षांत १०,००० मेगावॅट नेपाळी वीज घेण्याचा करार केला, आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला भारतीय तारांमधून बांगलादेशाला ४० मेगावॅट वीज गेली. माहिती तंत्रज्ञान सेवांची निर्यात एका नेपाळी संस्थेच्या अभ्यासात २०२२ साली ५१ कोटी डॉलरच्या घरात मोजली गेली. इंधन आणण्यासाठी मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची पाइपलाइन सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि तेवढे टँकर सीमेवरच्या रांगेतून कमी झाले. मात्र वीज आणि संगणक सेवांनी डोंगरातल्या आले पिकवणाऱ्या कुटुंबाचे पोट भरणार नाही. त्यांच्यासाठी ट्रक, नाका आणि प्रयोगशाळा सुधारण्याला पर्याय नाही.

ते जमू शकते, याची उदाहरणे आहेत. युगांडा हा आफ्रिकेतला भूवेष्टित देश केनियाच्या मोंबासा बंदरावर अवलंबून. २०१४ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेच्या देशांनी कस्टम्स एकच मानण्याचे ठरवले. युगांडाचे अधिकारी मोंबासात बसू लागले, कर तिथेच भरून माल मोकळा होऊ लागला, वाटेतली तपासणी नाकी घटली. मोंबासा ते कंपाला हा प्रवास अठरा दिवसांवरून चार-पाच दिवसांवर आला. रस्त्याची लांबी तेवढीच राहिली होती. इथियोपियाचा किनारा १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाल्यावर गेला. त्या देशाने जिबूतीपर्यंत रेल्वे बांधली, पण फुलांसाठी तिच्यावर विसंबला नाही. स्वतःच्या विमान कंपनीने अदिस अबाबात थंड गोदामे आणि मालवाहू विमाने उभी केली, आणि इथियोपिया आफ्रिकेत केनियाखालोखाल फुले निर्यात करणारा देश झाला. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाला एकच धावपट्टी आहे आणि मालासाठीची जागा अपुरी आहे.

नेपाळने स्वतःच्या घरात पुष्कळ काही करायचे राहिले आहे. वेगवेगळ्या खात्यांचे परवाने एका खिडकीतून देणारी संगणक प्रणाली २०२१ मध्ये सुरू झाली, पण एखादे खाते अजूनही सही-शिक्क्याचा कागद मागते, तेव्हा खिडक्या दोन होतात. प्रयोगशाळांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवणे, छोट्या निर्यातदारांचा माल एकत्र करणारी गोदामे चालवणे, ट्रकच्या भाड्याला खरी स्पर्धा आणणे, या कामांसाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. जागतिक बँकेच्या २०१८ च्या मालवाहतूक निर्देशांकात नेपाळ १६० देशांत ११४ वा आणि भारत ४४ वा होता. या फरकातला काही भाग भूगोलाने दिला आहे, काही भाग काठमांडूतल्या कार्यालयांनी.

भारताची जबाबदारीही मोठी आहे. कोलकात्याची गोदी, रक्सौलचा रेल्वेमार्ग, पानीटंकीचा तपासणी अधिकारी हे भारताचे आहेत. नेपाळची निर्यात वाढली तर भारतीय रेल्वेला, बंदरांना आणि वाहतूकदारांना काम मिळते, हे दिल्लीने मनापासून मानले पाहिजे. दोन्ही देशांनी एकमेकांच्या प्रयोगशाळांचे दाखले मान्य करणे हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत लवकर फळ देणारा निर्णय आहे. त्यात पूल बांधायचा नाही, रूळ टाकायचे नाहीत.

आणि वेळ थोडा उरला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार २४ नोव्हेंबर २०२६ रोजी नेपाळ अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे. त्यानंतर युरोपीय संघाची बिनजकात सवलत तीन वर्षांच्या मुदतीनंतर सध्याच्या रूपात राहणार नाही. युरोपात नेपाळी गालिचा आणि पश्मिना आज ज्या भावात बसतात त्यात या सवलतीचा वाटा आहे. ती गेल्यावर भावातला फरक निर्यातदाराला दुसरीकडून भरून काढावा लागेल, आणि मजुरी कमी करून तो भरून काढणे कुणालाच परवडणारे नाही. तो काढायचा तर बीरगंजच्या यार्डातून, मुगलिनच्या रस्त्यावरून आणि कोलकात्याच्या गोदीतूनच काढावा लागेल.